हॅकेथॉनमध्ये फसलेल्या प्रयोगालाही मंच द्या

आधी तारीख. हॅकेथॉन, म्हणजे ठरलेल्या वेळात टीमनं नवी कल्पना प्रत्यक्ष करून दाखवायची कंपनीतली स्पर्धा, कामाच्या दिवशीच ठेवा: गुरुवारी सकाळी १० ते शुक्रवारी सकाळी १०, आणि दुपारी सादरीकरण. अ‍ॅटलासियन ही सॉफ्टवेअर कंपनी २००५ पासून अशीच २४ तासांची मुदत ठेवत आली आहे. शनिवार-रविवार धरला की घरी लहान मुलं असलेले लोक आपसूक गळतात आणि बाकीच्यांना ती बिनपगारी ड्युटी वाटते. रात्रभर जागायची सक्तीही नको.

टीम ३ ते ५ जणांची, किमान दोन विभागांतली. ग्राहकांचे फोन घेणारा एक जण तरी प्रत्येक टीममध्ये हवा. खरी अडचण त्यालाच ठाऊक असते. विषय अर्धवट मोकळा ठेवा. ‘काहीतरी नवीन करा’ म्हटलं की पहिले तीन तास चर्चेतच जातात. त्यापेक्षा ‘तक्रार नोंदवायला लागणारा वेळ कमी करा’ असं काहीतरी सांगा.

सगळ्यात जास्त वेळ परवानग्यांत जातो. टेस्ट अकाउंट, नमुना डेटा, सर्व्हरचा अ‍ॅक्सेस हे सगळं आठवडाभर आधी तयार ठेवा आणि आयटीचा एक माणूस त्या दिवशी पूर्णवेळ मोकळा ठेवा. ग्राहकांचा खरा डेटा मात्र कुणालाच देऊ नका.

सादरीकरणाला प्रत्येकी ५ मिनिटं: तीन मिनिटं चालतं ते दाखवायला, दोन मिनिटं काय जमलं नाही आणि का, हे सांगायला. स्लाइड एकच, नाहीतर पोकळ आयडियाच देखण्या ठरतात. ती दोन मिनिटं जिंकणाऱ्या टीमलाही सक्तीची. फक्त हरलेल्यांना बोलायला लावलंत तर तो कबुलीजबाब होतो. ‘वेळ पुरला नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. ‘जुन्या सिस्टीममध्ये एकाच ग्राहकाचे तीन आयडी निघाले, त्यामुळे याद्या जुळल्याच नाहीत’ असं नेमकं कारण आलं, तर ते पुढच्या टीमचे कित्येक दिवस वाचवतं. अशी कारणं एका सामायिक फाइलमध्ये नोंदवा.

वरिष्ठांनी स्वतः एका टीममध्ये बसावं, परीक्षक म्हणून नव्हे. साहेबाचाच प्रयोग सर्वांसमोर आपटला, तर दहा भाषणांपेक्षा जास्त फरक पडतो. निकालाचा वार्षिक मूल्यमापनाशी काडीचाही संबंध ठेवू नका. ठेवलात, तर पुढच्या वेळी सगळे हमखास जमणारंच करतील.

नंतर १० कामकाजी दिवसांत प्रत्येक कल्पनेवर ‘पुढे न्यायची’ की ‘इथेच थांबवायची’ हे कारणासह लेखी कळवा. निवडलेल्या टीमला सहा आठवडे, आठवड्यातून एक दिवस द्या आणि तेवढं रोजचं काम त्यांच्या यादीतून खरोखर काढा.