बालगृहातली पोरं १८ ची व्हायच्या आधी काय काय करून घ्यायचं

बहुतेक संस्थांमध्ये मुलगा १८ ला टेकला की मग धावपळ सुरू होते, तोपर्यंत उशीर झालेला असतो. नववीपासूनच लागा कामाला.

आधी अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे, २०१८ पासून, पण हा कागद नसेल तर त्याचा उपयोग शून्य. अर्ज महिला व बालविकास खात्याकडे करायचा, आणि त्याआधी शाळेचा दाखला, आधार आणि बालकल्याण समितीचा (मुलाला संस्थेत ठेवायचं ठरवणारी जिल्ह्याची समिती) आदेश शेजारी शेजारी ठेवून नावं जुळवा, एका वेलांटीवरून पण फाईल परत येते.

आता खेळ. मेडल वगैरे आलं तर उत्तमच, पण माझ्या मते या पोरांसाठी सगळ्यात सरळ रस्ता पोलीस भरतीचा आहे, बारावी पास चालतं आणि ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, ५० मार्क असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, त्याला २० मार्क, मग १०० मीटर आणि गोळा, प्रत्येकी १५. पोरं पळतात भरपूर पण गोळ्याकडे कोणी बघत नाही, मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, तो शेवटच्या महिन्यात हातात दिला तर खांदा तरी दुखावतो नाहीतर गोळा पायापुढेच पडतो. अकरावीपासून हलक्या गोळ्यावर टेक्निक बसवा, मानेला टेकवून, कोपर वर. आणि उंची आत्ताच मोजा हो! मुलांना १६५ सेमी, मुलींना १५५ लागते, नसेल भरत तर उगाच आशेला लावू नका, आयटीआयचा फॉर्म भरा. लेखी १०० मार्कांची असते, म्हणजे सकाळी ग्राउंड झालं तरी संध्याकाळी गणित-बुद्धिमत्ता चुकवायची नाही.

पैशाचं पण शिकवा. दहा वर्षांवरच्या मुलाला बँक खातं स्वतः चालवता येतं, तर विड्रॉल स्लिप त्यालाच भरू द्या, ताईंनी भरून नुसती सही घ्यायची नाही. चुकली स्लिप तर दुसरी घेईल. महिन्यातून एकदा आठवड्याचा किराणा ठरलेल्या पैशात आणायला लावा, तेल संपल्यावर कळतंच.

१८ नंतर लगेच बाहेर काढायची गरज नसते, कायद्यात २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेनंतरच्या आधाराची, सोय आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत महिना ४००० ची तरतूद पण आहे. त्याचा अर्ज मात्र मूल संस्थेत असतानाच बालकल्याण समितीपुढे ठेवा, एकदा बाहेर पडलं की ते कुठे राहतंय हे शोधण्यातच महिने जातात.