एचआयव्हीसह जगणाऱ्या ज्येष्ठांची स्मृती मंदावू लागली तर काय करावे

आपल्याकडे सरकारी केंद्रांतून एआरटीच्या (एचआयव्हीला आवर घालणाऱ्या औषधांच्या) गोळ्या मोफत मिळू लागल्या त्या एप्रिल २००४ पासून. तेव्हा चाळिशीत असलेले अनेक रुग्ण नियमित औषधांमुळे आज साठी ओलांडून गेले आहेत, आणि ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र त्यांच्यापैकी कुणी व्यवहारात चुकू लागले की घरचे ‘आता वय झालं’ म्हणून विषय सोडून देतात आणि बरे होण्याजोगे कारणही न तपासता राहून जाते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, वयाला दोष देण्याआधी एकदा नीट तपासणी झालीच पाहिजे.

लागण झाल्यावर काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो. चेतापेशींवर तो सहसा थेट हल्ला करत नाही. मेंदूतील संरक्षक पेशींमध्ये तो ठाण मांडतो आणि त्या पेशींतून सुटणाऱ्या दाहकारक द्रव्यांनी चेतापेशींची हानी होते. रक्तातील व्हायरल लोड, म्हणजे विषाणूंचे प्रमाण, नगण्य असला तरी हा दाह मंदपणे चालू राहू शकतो. ज्यांचा सीडी-४ (रक्तातील प्रतिकारक पेशींचा आकडा) कधीकाळी २०० च्या खाली गेला होता त्यांना हा धोका अधिक असतो, आणि जुन्या रुग्णांत असे बरेच जण आहेत, कारण सुरुवातीच्या वर्षांत आकडा तितका उतरल्यावरच बहुतेकांचे उपचार सुरू होत. निदान होताच सर्वांना औषध देण्याचे धोरण २०१७ मध्ये आले. त्यात रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांची भर पडली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात.

घरच्यांनी पाहायचे ते केवळ विसरणे नव्हे. या त्रासात बहुधा आधी मंदपणा येतो: सुट्ट्या पैशांचा हिशेब करायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलणे जमत नाही, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात. नाव आठवत नसले तरी पहिले अक्षर सांगताच ते चटकन आठवते. अल्झायमरमध्ये अशा खुणेचा उपयोग सहसा कमी होतो. दोन-तीन आठवडे अशा घटना तारखेसह वहीत लिहून ठेवाव्यात आणि ती वही एआरटी केंद्रात दाखवावी, कारण ‘हल्ली विसरतात’ एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही.

डॉक्टर कदाचित एक छोटी चाचणी घेतील. चार शब्द सांगून ते लक्षात ठेवायला सांगतात. मग अंगठा आणि तर्जनी पाच सेकंद शक्य तितक्या वेगाने एकमेकांवर आपटायला लावतात. नंतर टेबलावर मूठ, पालथा तळवा आणि हाताची उभी कड हा क्रम दहा सेकंद भरभर करायला सांगतात. शेवटी तेच चार शब्द विचारतात. एकूण १२ पैकी १० किंवा त्याहून कमी गुण आले तर पुढील तपासणी करावी लागते. हे निदान नव्हे. सांधेदुखीमुळेही गुण कमी येतात, त्यामुळे घरी परीक्षा घेऊन माणसाला खजील करू नये.

केंद्रात पहिला प्रश्न शेवटचा व्हायरल लोड केव्हा झाला आणि किती आला हा विचारावा. त्यानंतर बी-१२, थायरॉइड, साखर आणि सिफिलिस यांच्या रक्ततपासण्यांविषयी बोलावे. उदासीनता, दारू, अपुरी झोप आणि कमी ऐकू येणे यांचाही विचार व्हायला हवा. उदासीनतेवर उपचार झाल्यावर स्मरणशक्ती सुधारलेली अनेकदा दिसते. घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात, कारण झोपेच्या किंवा सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही वृद्धांची बुद्धी मंद होऊ शकते. डोल्युटेग्राविर हे एआरटीतील औषध चालू असेल तर पित्ताच्या अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ते घ्यावे लागते, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिनचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यावा लागतो. संशयावरून एआरटी स्वतःहून बंद करणे मात्र कधीही नको.

गोळी चुकू नये म्हणून वारांचे कप्पे असलेली डबी आणि रोजची ठरलेली वेळ पुरेशी ठरते. डबी रविवारी रुग्णाने स्वतः भरावी आणि घरच्यांनी शेजारी बसून पाहावे. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना लागणीची माहिती त्यांना द्यावी, पण रुग्णाच्या संमतीने. २०१७ च्या एचआयव्हीविषयक कायद्याने ही गोपनीयता जपणे बंधनकारक केले आहे. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीतही विचारता येते.

काही लक्षणे दिसल्यावर थांबून चालत नाही. काही तासांत किंवा दिवसांत गोंधळ वाढला, तापासह तीव्र डोकेदुखी झाली, फिट आली, एक बाजू लुळी पडली किंवा दुहेरी दिसू लागले, तर मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूतील संसर्ग किंवा पक्षाघात असू शकतो. अशा वेळी केंद्राच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे आणि तेथील डॉक्टरांना चालू औषधे व शेवटचा सीडी-४ लगेच सांगावा.