सुटलेलं पोट आणि मनावरचा ताण: या चुका टाळा

पोट सुटलं की बहुतेक जण आधी भात बंद करतात. झोप लागते का, मनाला कसला घोर लागलाय, हे कुणी विचारत नाही. पहिली चूक तिथेच होते.

ताण महिनोनमहिने राहिला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहू शकतं. त्वचेखालच्या चरबीपेक्षा पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी त्याला जास्त दाद देते, म्हणून साठा तिथे वाढतो. त्यात जागरण झालं की भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं. अशा वेळी रात्री फरसाणाचा डबा उघडणाऱ्याला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. टोमण्यांनी ताण वाढतो आणि खाणंही. घरच्यांनी हे आधी थांबवावं.

‘माझं वजन तर बरोबर आहे’ हा दुसरा भ्रम. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेलं तर लक्ष द्या.

नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी उतरत नाही. कडक उपासाने चिडचिड वाढते आणि चार दिवसांनी दुप्पट खाल्लं जातं. त्यापेक्षा डबा उघडण्याआधी स्वतःला विचारा: आत्ता पोळी-भाजी चालेल? चालत असेल तर ती भूक आहे, जेवा. शेवच हवी असेल तर बहुधा मन बेचैन आहे. मग कुणाला तरी फोन करा, बोलत बोलत चाला.

सगळ्यांत महागात पडते ती उदासी लपवण्याची चूक. नैराश्यामुळे लठ्ठपणाचा धोका वाढतो आणि लठ्ठपणामुळे नैराश्याचा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं, पण त्या परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते का ते ते पाहतील. डॉक्टरकडे जायचा धीर होत नसेल तर सरकारच्या ‘टेलीमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.