मुलांचे डोळे कमी खर्चात कसे तपासायचे, आणि पैसे नेमके कुठे वाचवायचे

डोळ्याचा डॉक्टर म्हटलं की खर्चाच्या धास्तीने बरेच आईवडील "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. पण मुलांची तपासणी बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र पैशात होते, खरा खर्च होतो तो चष्म्याला, परत परत माराव्या लागणाऱ्या फेऱ्यांना आणि बुडालेल्या रोजाला, त्यामुळे हे तिन्ही कसं कमी करता येईल ते बघू.

आधी जिथे एक दिवसही थांबायचं नाही ते सांगते. फ्लॅशने काढलेल्या फोटोत किंवा नुसत्या डोळ्यांनी बाहुली पांढरी चमकताना दिसली तर लगेच मोठं हॉस्पिटल गाठा, लहान मुलांनाही मोतीबिंदू असू शकतो, आणि रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा कॅन्सर बहुतेक वेळा 5 वर्षांच्या आतल्या मुलांनाच होतो. बाळ 4 महिन्यांचं झालं तरी डोळा तिरळा जातोय तर "मोठा झाला की जाईल" म्हणून बसू नका. आणि बाळ दिवस भरायच्या बरंच आधी किंवा खूप कमी वजनाचं जन्मलं असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण 4 आठवड्यांत व्हायला लागते, डिस्चार्जच्या आधीच विचारून ठेवा की ती कुठे आणि कधी.

बाकी मुलांचं काय, तर मूल स्वतःहून सांगत नाही हो, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. पुस्तक नाकाला लावणं, मान वाकडी करून बघणं, फळ्यावरचं सोडून शेजारच्या वहीतून उतरवून घेणं, डोळे बारीक करणं, ह्यावर लक्ष ठेवा. घरी एक करून बघा, एकेक डोळा हाताने झाकून लांबचं काहीतरी दाखवा. एक डोळा झाकल्यावर काही नाही आणि दुसरा झाकला की मूल हात ढकलतं, चिडतं, तर एका डोळ्याने कमी दिसत असायची शक्यता आहे. ह्यालाच पुढे आळशी डोळा म्हणतात, 7 वर्षांच्या आत पकडला तर चांगला सुधारतो, नंतर अवघड होत जातं (पण मूल मोठं झालंय म्हणून प्रयत्नच सोडू नका).

कुठे जायचं? शाळेत तपासणी होते का विचारा, मग सरकारी दवाखाना, मेडिकल कॉलेजचा नेत्रविभाग, ट्रस्टचं हॉस्पिटल, लायन्स किंवा रोटरी क्लबची शिबिरं. हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असेल तर आधी तिथेच जा, उत्पन्नाचा कागद सोबत ठेवा आणि न लाजता विचारा की चष्मा पण मिळतो का, ऑपरेशनला मदत मिळते का. मागितल्याशिवाय हे कुणी सांगेलच असं नाही.

तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, तेव्हा "नको, उशीर होतोय" म्हणू नका प्लीज, थेंबाशिवाय मुलाचा नंबर चुकू शकतो आणि चुकीच्या चष्म्यात पैसे जातात. नंतर काही तास, कधी काही दिवस, जवळचं धूसर दिसतं, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

नंबर लेखी मागून घ्या, त्यावर दोन बाहुल्यांमधलं अंतर पण लिहून घ्या, मग चष्मा स्वस्त मिळेल तिथे करता येतो. ब्लू कट (स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या) काचा, रंग बदलणाऱ्या काचा, ब्रँडची फ्रेम, ह्यातलं काही सहसा लागत नाही, साधी प्लास्टिक लेन्स पुरते. पण एकाच डोळ्याने नीट दिसत असेल तर सहजासहजी न फुटणारी पॉलीकार्बोनेट लेन्सच घ्या, तो एक डोळा जपायलाच हवा. फ्रेम "दोन वर्षं चालेल" म्हणून मोठी घेऊ नका, ती नाकावरून घसरते, मूल वरून बघतं आणि सगळा चष्माच वाया. जुनी फ्रेम धड असेल आणि चेहऱ्याला बसत असेल तर तिच्यातच नवीन काचा बसवा. दुसऱ्याचा वापरलेला चष्मा मात्र तसाच घालायला देऊ नका.

चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा कारण बऱ्याचदा तेच काढायला लावतात. आळशी डोळ्यासाठी पट्टी दिली असेल तर ती चांगल्या डोळ्यावर, सांगितले तेवढे तास रोज. खाज येते म्हणून मेडिकलमधून स्वतःच थेंब आणून महिनोन्महिने घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर काचबिंदू होऊ शकतो.

पुढची तारीख निघतानाच विचारून घ्या, मुलांचा नंबर बदलत राहतो म्हणून साधारण 6 महिने ते वर्षाने दाखवावं लागतं. जाताना जुना चष्मा आणि आधीचे कागद सोबत न्या, म्हणजे तेवढ्यासाठी परत फेरी पडणार नाही.