मोटर नसलेला डॉब्सोनियन आणि एक छोटा कॅमेरा

डॉब्सोनियनला, म्हणजे खोक्यावर हातानं फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीला, कॅमेरा जोडायचा विषय काढला की सल्ला ठरलेला असतो: आधी मोटरवालं माउंट (दुर्बिणीचं स्टँड) घ्या, मग बोलू. भिंतीवर लावण्यासारखे फोटो हवे असतील तर तो सल्ला योग्यच आहे. पण व्हिडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीत फोटो हा हेतूच नसतो. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी कॅमेरा बसवायचा आणि दुर्बिणीला जे दिसतंय ते त्याच क्षणी स्क्रीनवर बघायचं, एवढंच. चित्र जरा खरखरीत असतं, कडेला सरकत असतं, पण ते आत्ताचं असतं. माझ्या सासूबाईंना मान वाकडी करून, एक डोळा मिटून आयपीसशी उभं राहणं जमत नाही. त्या खुर्चीत बसून लॅपटॉपवर चंद्राची विवरं बघतात आणि "जरा डावीकडे घे गं" असं फर्मावतात. मोटरचं काम मी करते.

तसं पाहिलं तर डॉब्सोनियनचा जन्मच लोकांना दाखवण्यासाठी झाला. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. तिथे असतानाच ते मिळेल त्या काचेचे आरसे घासून, लाकडी खोक्यावर फिरणाऱ्या दुर्बिणी बनवायला लागले. मठ सुटल्यावर १९६८ मध्ये त्यांनी काही जणांना घेऊन 'साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स' सुरू केलं आणि फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवलं. त्या खोक्याला स्क्रीन जोडणं मला तरी त्याच कामाचा पुढचा भाग वाटतो.

माझी दुर्बीण ८ इंची आहे, फोकल लेंग्थ (आरशापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, हातानं ढकलायची. पुढचे आकडे तिचे आहेत, पण हिशेब कुठल्याही डॉबला लागू पडतो. अडवणाऱ्या गोष्टी दोनच: कॅमेरा फोकसला पोहोचतो का, आणि तारा चित्रातून किती वेगानं पळतो. दोन्हींची उत्तरं काहीही विकत घेण्याआधी कागदावर मिळतात. पहिल्याचं तर अक्षरशः कागदावर.

ट्रेसिंग पेपरची चाचणी

चंद्र असेल त्या रात्री दुर्बीण त्याच्यावर रोखा. (सूर्यावर ही चाचणी कधीही करायची नाही. कागद पेटेल आणि डोळा जाईल.) आयपीस काढा, सव्वा इंची अ‍ॅडॉप्टर तसाच ठेवा, फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारी नळी) पूर्ण आत घ्या. आता ट्रेसिंग पेपरचा तुकडा फोकसरच्या तोंडावर धरून हळूहळू वर उचला. एका उंचीवर चंद्राची छोटी, लख्ख चकती कागदावर उमटेल. माझ्याकडे ती जेमतेम ११ मिमीची असते, आणि कडा इतकी रेखीव की मोठे काळे डाग ओळखता येतात. अ‍ॅडॉप्टरच्या काठापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजून घ्या. कॅमेऱ्याचा सेन्सर नेमका तिथे यायला हवा.

छोट्या प्लॅनेटरी कॅमेऱ्यांत सेन्सर पुढच्या तोंडापासून बहुधा १२.५ किंवा १७.५ मिमी आत असतो. तुमचं मोजलेलं अंतर त्याहून जास्त भरलं तर काळजी मिटली, कारण फोकसर बाहेर आणता येतो. कमी भरलं तर अडचण, कारण फोकसर आधीच पूर्ण आत आहे. डीएसएलआर बहुतेक डॉबवर का चालत नाही याचं कारणही इथेच आहे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये सेन्सर ४४ मिमी मागे असतो, वर जोडणीच्या रिंगची जाडी. इतकी जागा फक्त डोळ्यासाठी बनवलेल्या दुर्बिणीत नसते.

अंतर कमी पडत असेल तर मार्ग आहेत. काही कॅमेऱ्यांचं अंगच सव्वा इंचाचं असतं, ते आयपीससारखे नळीत आत उतरतात. नव्यानं घेणाऱ्यानं आधी हेच बघावेत. कमी उंचीचा फोकसर लावता येतो. मुख्य आरशाच्या मागचे बोल्ट लांब घेऊन आरसा थोडा पुढेही सरकवता येतो, पण तो उद्योग मी नवशिक्याला सुचवणार नाही. सगळ्यात सोपा बार्लो, म्हणजे चित्र मोठं करणारं जोडभिंग. बार्लो फोकस बाहेर ढकलतो, म्हणून कसलाही कॅमेरा पोहोचतो. पण तो चित्र दुप्पट मोठं करतो आणि चित्राचं पळणंही दुप्पट करतो. चंद्राला आणि ग्रहांना ते चालतं, तेजोमेघांना नाही.

याच्या उलट फोकल रिड्यूसर, म्हणजे चित्र लहान करणारं जोडभिंग. तो फोकस आरशाकडे ओढतो. म्हणजे कॅमेरा नुसता पोहोचून भागत नाही, आणखी काही मिलिमीटर आत जायला जागा उरावी लागते. अंधुक गोष्टी बघायच्या असतील तर ०.५ पटीचा रिड्यूसर फार कामाचा आहे, तेव्हा पट्टीवरचा आकडा लिहून ठेवा.

तारा किती पळतो

आकाश दर सेकंदाला १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा किती तुकडा झाकतो हे काढायला पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ नं गुणा आणि फोकल लेंग्थनं भागा. २.९ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १२०० मिमी: उत्तर अर्धा आर्कसेकंद. म्हणजे तारा सेकंदाला ३० पिक्सेल ओलांडतो. एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तर ताऱ्याची रेघ.

आता ०.५ चा रिड्यूसर लावा: पिक्सेलमागे एक आर्कसेकंद. सॉफ्टवेअरमध्ये २×२ बिनिंग (चार पिक्सेलचा मिळून एक) करा: दोन आर्कसेकंद. पाव सेकंदात तारा पावणेचार आर्कसेकंद सरकतो, म्हणजे दोन पिक्सेलसुद्धा नाही. डोळ्याला तो गोलच वाटतो. पाव सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण आजचे सीमॉस सेन्सर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की फार कमी गोंगाट करतात, आणि असे शेकडो तुकडे रचले की त्यांतून चित्र उभं राहतं. मोटरची गरज इथेच टळते.

हे १५ आर्कसेकंद खगोलीय विषुववृत्तावरचे. ध्रुवाकडे जाल तसा वेग मंदावतो. ६० अंश क्रांतीवर (क्रांती म्हणजे या विषुववृत्तापासूनचं अंतर) तो निम्मा होतो. सप्तर्षींच्या भागातली एम८२ ही दीर्घिका जवळजवळ ७० अंशांवर आहे, तिथे वेग सेकंदाला पाच आर्कसेकंदांच्या आसपास. एक्स्पोजर तिप्पट करता येतं. पण तिच्या आजूबाजूला तारे विरळ आहेत, आणि चित्रं एकमेकांवर बसवायला सॉफ्टवेअरला तारेच लागतात. उलट मृगातला एम४२ हा तेजोमेघ विषुववृत्ताजवळ पूर्ण वेगानं पळतो, तरी इतका तेजस्वी आहे की काही फरक पडत नाही. सुरुवात त्याच्यापासून करावी.

पहिली रात्र चंद्राची

दुर्बीण अंधार पडायच्या आत बाहेर ठेवा. आरसा थंड झाला नाही तर चित्र उकळत राहतं आणि माणूस उगाच कॅमेऱ्याला शिव्या घालतो. कोलिमेशन (आरशांची आपसातली जुळणी) तपासा. कॅमेरा लावला की नळीचं तोंड खाली झुकू लागेल, म्हणून मागच्या बाजूला एखादं चुंबकी वजन चिकटवा. नळी लोखंडी पत्र्याची असेल तर ते सहज बसतं. यूएसबीची वायर फोकसरजवळ नळीला वेल्क्रोनं बांधा आणि पुढे सैल सोडा. लोंबणारी वायर हा डॉबचा खरा शत्रू आहे. वाऱ्याची झुळूक आली की ती झुलते, आणि स्क्रीनवर चंद्र नाचतो.

मग फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळवा, तोही आयपीसशी नाही, कॅमेऱ्याशी. माझ्या ५.६ × ३.२ मिमीच्या सेन्सरवर रिड्यूसरशिवाय १६ × ९ आर्कमिनिटांचं (एक आर्कमिनिट म्हणजे ६० आर्कसेकंद) आकाश मावतं. म्हणजे चंद्राची जेमतेम निम्मी रुंदी आत येते. इतक्या छोट्या खिडकीत तारा आणायचा तर फाइंडर काटेकोर हवा. चंद्रावर ढोबळ जुळवणी करून मग तेजस्वी ताऱ्यावर नेमकी करा. तारा सापडत नसेल तर फोकस मुद्दाम बिघडवा. त्याचं मोठं कडं होतं आणि त्याची कड तरी खिडकीत डोकावते.

फोकससाठी चंद्रावरच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर या. एखाद्या विवराची सावली धरा. नॉब किंचित फिरवा आणि हात काढा. थरथर थांबेपर्यंत काहीही ठरवू नका. सावलीची धार काळी आणि कोरीव झाली की पुढे जा, ती ओलांडून परत मऊ व्हायला लागली की मागे या. हात लावलेला असताना डॉबवर फोकस कळत नाही. ताऱ्यांसाठी बाहतिनोव्ह मास्क (फटी असलेलं झाकण) नळीच्या तोंडावर ठेवला की काम झटपट होतं: मधली रेघ बाकीच्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये आली की झालं.

एक छोटी युक्ती: ढकलणं थांबवून चंद्र कोणत्या दिशेनं वाहतोय ते बघा आणि कॅमेरा फोकसरमध्ये असा फिरवा की तो प्रवाह चित्राच्या लांब बाजूला समांतर येईल. वेळ जवळजवळ दुप्पट मिळतो. आकाशाच्या दुसऱ्या भागात गेलात की कोन बदलतो, तेव्हा पुन्हा फिरवायचा.

लाइव्ह स्टॅकिंग

लाइव्ह स्टॅकिंग म्हणजे येणाऱ्या फ्रेम तिथल्या तिथे एकमेकींवर रचणं. त्यासाठीची सॉफ्टवेअर: विंडोजवर शार्पकॅप, लिनक्स किंवा मॅकवर अ‍ॅस्ट्रोडीएमएक्स कॅप्चर. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय कॅमेरा असेल तर त्यांचं एएसआयलाइव्हही आहे. लाइव्ह स्टॅकिंग कशाशी खातात ते स्वरमंडळातल्या एम५७ वर बघा. तो शोधायला सोपा आहे: अभिजितच्या खाली समांतरभुज चौकोन, त्याच्या लांबच्या टोकाला शेलियाक आणि सुलाफत हे दोन तारे, आणि कंकणाकृती तेजोमेघ या दोघांच्या मध्ये, शेलियाककडे थोडा झुकलेला.

रिड्यूसर लावा, २×२ बिनिंग, पाव सेकंद, गेन बराच वर. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला नको, थोडा सुटलेला हवा. टोपण लावून त्याच सेटिंगला काही डार्क फ्रेम घेऊन ठेवा. नाही तर तारे सरकतात आणि गरम पिक्सेल जागेवर राहतात, मग जुळवलेल्या चित्रात रंगीत रेघोट्या उमटतात. आता प्रवाह चित्रात जिथून शिरतो त्या कडेला एम५७ आणून सोडा आणि स्टॅक सुरू करा.

पहिल्या फ्रेममध्ये नुसती वाळू आणि मध्ये एक धूसर ठिपका. दहा-बारा फ्रेम झाल्या की ठिपक्याला भोक पडतं. अर्ध्या मिनिटात वाळू खाली बसते, कंकणाची बाहेरची कड तांबूस आणि आतला भाग निळसर-हिरवा दिसू लागतो. आयपीसमध्ये हा रंग मला कधी दिसलेला नाही. तिथे कंकण राखाडीच असतं. हवा शांत असेल तर मधला अंधुक तारासुद्धा हजेरी लावतो. दोन-अडीच मिनिटांत कंकण दुसऱ्या कडेला पोहोचतं. मग नळीला बोटानं हलकेच ढकलून ते परत आणा. ढकलतानाच्या फ्रेम खराब येतात, सॉफ्टवेअर त्या बहुतेक वेळा स्वतःच टाकून देतं आणि स्टॅक पुढे चालू राहतो. डॉबसारख्या न्यूटोनियन (दोन आरशांच्या) दुर्बिणीत चित्र उलटं असतं, त्यामुळे ढकलायची दिशा सुरुवातीला चुकतेच. ती बोटांना आपोआप कळायला लागते.

ग्रहांचं गणित वेगळं. रिड्यूसर काढायचा, बार्लो लावायचा, एक्स्पोजर ५ ते १० मिलिसेकंद, बिनिंग नाही. गुरू कडेबाहेर ठेवून सोडून द्यायचा आणि तो खिडकी ओलांडेपर्यंतचा व्हिडिओ एसईआर फाइलमध्ये घ्यायचा. माझ्या सेन्सरवर हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. असे तीन-चार तुकडे पुरे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून दोन-तीन मिनिटांपलीकडे रेंगाळलात तर पट्ट्यांमधले बारकावे पुसले जातात. नंतर पीआयपीपी या प्रोग्राममध्ये ग्रह मध्यभागी आणून ऑटोस्टॅकर्ट या दुसऱ्या प्रोग्रामला चांगल्या फ्रेम निवडायला सांगा.

सूर्य बघायचा तर नळीच्या तोंडावर पूर्ण व्यासाचा सोलर फिल्टर घट्ट बसवून, फाइंडर झाकून किंवा काढून. आयपीसकडे लावायचे जुने छोटे सूर्यफिल्टर हातातसुद्धा घेऊ नका.

मोटर कधी घ्यायची? हातानं ढकलत एम४२, एम५७, शौरीतला एम१३ हा तारकागुच्छ आणि एखादी दीर्घिका बघून झाली, आणि पाव सेकंद खरोखरच अपुरा वाटू लागला की. तेव्हा दोन पर्याय असतात. गो-टू डॉब वस्तू शोधूनही देतो आणि तिच्या मागेही राहतो, पण तो वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरत असल्यानं चित्र हळूहळू स्वतःभोवती वळतं. डोक्यावरच्या आकाशात हे सगळ्यात जास्त, पूर्वेला किंवा पश्चिमेला सगळ्यात कमी. काही सेकंदांच्या एक्स्पोजरला स्टॅकिंगमध्ये ते सांभाळून घेतलं जातं. दुसरा पर्याय इक्वेटोरियल प्लॅटफॉर्म, जो फ्रान्सच्या एड्रियन पोन्से यांनी १९७० च्या दशकात मांडला. अख्खा डॉब त्या पाटावर चढतो, पाट तासभर आकाशाबरोबर कलत राहतो, मग पुन्हा मूळ जागी आणायचा. चित्र वळत नाही. माझा कल याच्याकडे आहे, कारण आहे तीच दुर्बीण राहते. फक्त घेताना तो तुमच्या अक्षांशासाठी बनवलेला आहे ना, हे विचारून घ्या.