फोटो समोर ठेवून लिहायला कसं शिकवावं: ठाणे-नवी मुंबईतल्या वर्गासाठी एक पद्धत

‘निसर्गाच्या सान्निध्यात मन प्रसन्न होते.’ प्रथम वर्षाच्या निबंधांचा गठ्ठा सोडला की हे वाक्य हमखास भेटतं. ते येऊरबद्दल असेल, महाबळेश्वरबद्दल असेल किंवा कुठेही न जाता घरी पंख्याखाली बसून लिहिलेलं असेल. व्याकरण शुद्ध, अक्षर सुवाच्य, लाल शाई उचलावी असं काही नाही. फक्त ते खरं की खोटं हे ताडून पाहायला समोर काहीच नसतं. फोटोचं काम इथे सुरू होतं. मुलांना उत्तम छायाचित्रकार करणं हा यातला हेतू नाही. वाक्य लिहून झालं की शेजारी फोटो धरायचा आणि विचारायचं, ‘यात कुठे आहे ते दाखव.’

ही पद्धत कॉलेजातल्या मराठीच्या वर्गासाठी आहे, पण पर्यावरणाच्या प्रकल्पाला किंवा सोसायटीच्या वाचनकट्ट्यालाही चालेल. साधा फोन आणि वही एवढंच लागतं. भारी कॅमेरा असलेल्या विद्यार्थ्याला तो घरी ठेवायला सांगा. नाहीतर बाकीचे त्याच्याभोवती घोळका करतात आणि बघायचं राहून जातं.

१. जागा जवळची घ्या

‘कुठे जायचं?’ विचारलं की निम्मा वर्ग ‘येऊर’ म्हणतो. येऊर सुंदर आहे, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. तिथे वनखात्याचे नियम पाळून जावं लागतं आणि सगळा वर्ग एकदाच जाऊन येतो. त्याची सहल होते. लेखनासाठी मात्र त्याच जागी पुन्हा पुन्हा जाता आलं पाहिजे.

म्हणून रोजच्या वाटेवरची जागा निवडायला लावा, दोघांत मिळून एक. तलावपाळीचा एखादा कोपरा, उपवन तलावाची पायरी, सोसायटीच्या भिंतीतून फुटलेला पिंपळ, पामबीच रस्त्यालगतचा खारफुटीचा पट्टा. पहिल्या सत्रात पाऊस असतो, तेव्हा तर लांब जायची गरजच नाही. जुलैत रस्त्याकडेला टाकळा उगवतो. तोच टाकळा बाजारात भाजीवालीच्या टोपलीत जुडी होऊन बसलेला असतो. एकाने रस्त्याकडेचा फोटो काढावा, दुसऱ्याने टोपलीतला. लेखाचा विषय तिथेच मिळतो.

२. वेळ पंचांग बघून ठरवा

तलावाला, झाडाला कधीही गेलं तरी चालतं. खाडीला चालत नाही. भरतीला गेलात तर पाणी दिसेल, ओहोटीला गेलात तर चिखल. आणि बघण्यासारखं बरंचसं त्या चिखलातच असतं. या किनाऱ्यावरचा कोळ्यांचा जुना आडाखा वर्गात फळ्यावर मांडा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशोब मोकळ्या समुद्राजवळचा आहे. पाण्याला खाडीत आत चढायला त्याहून थोडा वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतंही, भांगाला दोन्ही कमी. मोबाइलवर भरतीचं तक्ता-अ‍ॅप आहेच, पण हा आडाखा आधी सांगावा. मुलं घरी जाऊन आजीचं कालनिर्णय उघडतात.

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, बघायचे असतील तर दुसरं सत्र. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ते ठाणे खाडीत असतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि भरती आली की नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. त्यामुळे दोन गट करावेत, एक खाडीकाठी, एक पाणथळीकडे, आणि दोघांनी आपापल्या वहीत वेळ टिपावी. संध्याकाळी वह्या शेजारी ठेवल्या की पक्ष्यांचं वेळापत्रक मुलांना स्वतःला उलगडतं.

बांधावरून खाली चिखलात उतरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी खडसावून सांगा. पाय मांडीपर्यंत रुततो.

३. फोटो मोजके काढू द्या

पहिली दहा मिनिटं फोन खिशात. वहीत फक्त नामं आणि क्रियापदं लिहायची, विशेषणाला बंदी. मग प्रत्येकी पाच फोटो, जास्त नाहीत. त्यातला एक लांबून, एक हातभर अंतरावरून, एक सरळ पायाखालचा. पायाखालचा फोटो बहुतेक वेळा सर्वांत उपयोगी ठरतो, कारण तो कोणी कधी काढलेला नसतो.

कोळीणबाई किंवा मासेवाले काका फोटोत येणार असतील तर आधी विचारायचं. ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढं म्हटलं की बऱ्याचदा फोटोपेक्षा मोठी गोष्ट हाती लागते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो बारीक होतो आणि काढल्याची वेळही गळून पडते. ती वेळ आपल्याला हवी आहे. एका मुलाने लिहिलं होतं, ‘पहाटेच्या मंद प्रकाशात तलाव जागा होत होता.’ फोटोच्या तपशिलात आठ चाळीस होते. मी काही बोललो नाही, फक्त फोन त्याच्याकडे सरकवला. दुसऱ्या खर्ड्यात पहाट गेली आणि तलावपाळीवर चालायला आलेले आजोबा, त्यांचे पांढरे बूट, बाकावर वाळत घातलेला टॉवेल, असं सगळं आलं.

४. फोटोंची अदलाबदल करा

वर्गात आल्यावर प्रत्येकाचा फोटो दुसऱ्याच्या हातात द्या. जो तिथे गेलाच नव्हता, त्याने दिसतं तेवढंच लिहायचं, पाच-सहा वाक्यं. मूळ फोटो काढणाऱ्याने ती वाचून काय चुकलं ते सांगायचं. इथे फोटोही फसवतो, हे कळतं. तलावाच्या काठी बसलेली ढोकरी मातकट, काठीसारखी दिसते. उडाली की तिचे पंख पांढरेशुभ्र. एकाच पक्ष्याचे दोन फोटो बघून समोरचा बिनधास्त ‘दोन जातींचे पक्षी’ लिहून मोकळा होतो.

मग उलट काम. फोटो काढणाऱ्याने चौकटीत जे नाही ते लिहायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्याकडेच्या सप्तपर्णीला फूल येतं. फोटोत हिरवट-पांढरे गुच्छ दिसतात, एवढंच. संध्याकाळी त्याचा जो उग्र वास सुटतो, कुणाला आवडतो, कुणाचं डोकं चढतं, तो फोटोत कुठून येणार? वास, आवाज, गारवा, फोटोच्या आधी आणि नंतर काय झालं, ही शब्दांची हद्द. इथे विशेषणाला परवानगी, पण ‘निसर्गरम्य’, ‘विलोभनीय’ आणि ‘नयनरम्य’ या तिघांना नाही.

५. खर्डा फोटोसमोर बसून दुरुस्त करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, दोन तासिका तरी. एक नमुना पाहू. ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी जाऊन आलेल्या विद्यार्थिनीने आधी लिहिलं: ‘खाडीचे सौंदर्य पाहून मन हरखून गेले. परंतु मानवाने केलेल्या प्रदूषणामुळे निसर्गाचा ऱ्हास होत आहे.’ दुसरं वाक्य तर परीक्षेला पाठ केलेलं.

फोटो उघडला. चिखल, त्यातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर आलेली तिवरांची श्वसनमुळं आणि एका फांदीला अडकलेली दुधाची पिशवी. ‘पिशवी किती उंचीवर आहे?’ ‘माझ्या कमरेएवढी.’ ‘तिथे कशी पोचली?’ थोडा वेळ शांतता. मग तीच म्हणाली, ‘सर, पाणी तिथपर्यंत येतं.’ ‘शेजारच्या फांद्यांवर?’ तिने फोटो मोठा केला. चिंध्या, थर्माकोलचे तुकडे, सगळे त्याच उंचीवर, सरळ रेषेत.

दुसरा खर्डा असा आला: ‘मी उभी होते तेव्हा समोर नुसता चिखल होता. मुळांमधून दोन निवट्या, चिखलातले मासे, सरपटत गेल्या. तिवराच्या फांद्यांवर कमरेच्या उंचीला पिशव्यांची रांग लागली होती. भरती कुठवर चढते हे खाडीने आमच्याच कचऱ्याने आखून ठेवलं होतं.’ प्रदूषण हा शब्द गेला आणि प्रदूषण दिसू लागलं. शेवटच्या वाक्यात ‘आमच्याच’ हा शब्द तिने स्वतःहून घातला. मी सुचवला असता तर तो भाषणातला वाटला असता.

दुरुस्तीसाठी विचारायचे प्रश्न एवढेच: किती? कुठे? तिथे कसं आलं? हे तुला कसं कळलं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर वाक्य खोडायचं किंवा पुन्हा जागेवर जायचं.

६. माहिती शेवटी, आणि फोटोला चिकटणारी

माहिती आधी दिली की मुलं ती उतरवतात. ठाण्यावरच्या दर निबंधात १८५३ सालची पहिली रेल्वे येतेच, मग विषय पिंपळाचा का असेना. रेल्वे ठाण्यात आली हे खरं, पण तुझ्या फोटोत रूळ आहे का? नसेल तर गाडी जाऊ दे.

फोटोला चिकटणारी माहिती वेगळी. फ्लेमिंगोंवर लिहिणाऱ्याला ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली, हे माहीत हवं. खारफुटीचा फोटो असेल तर ती तिवर आहे की पांढरी चिप्पी, हे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात विचारून यावं. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. नवी मुंबईच्या मुलांना मी आणखी एक काम देतो. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. त्याआधी तुझ्या फोटोतली जागा काय होती, हे जवळच्या गावठाणातल्या एखाद्या आजी-आजोबांना विचार. शेत, मिठागर, खाजण, काहीतरी उत्तर मिळतंच, आणि ते गुगलवर नसतं. नाव नक्की कळलं नाही तर ‘एक पांढरा, लांब पायांचा पक्षी’ असंच लिहू द्यावं. चुकीच्या नावापेक्षा ते केव्हाही बरं.

७. गुण आणि भिंत

फोटोला गुण देऊ नका, नाहीतर महागडा फोन जिंकतो. पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यात काय बदललं, याला गुण द्या. दोन्ही खर्डे जोडून घ्या. तपासायला वेळ जातो, पण इलाज नाही.

व्हरांड्यात प्रदर्शन लावलंत तर आधी मजकूर टांगा, फोटो एक दिवस उशिरा. वाचणारे आपापलं चित्र मनात रचतात आणि दुसऱ्या दिवशी ताडून बघायला येतात. इन्स्टाग्रामवर टाकायचं असेल तर मात्र वर्गासाठी जपलेला तपशील काढून टाका, विशेषतः ठिकाण. घरट्याचा फोटो तर टाकूच नका. घुबडाची ढोली कुणाला सापडली असेल तर लेखात ‘ठाण्यातलं एक जुनं झाड’ एवढा पत्ता पुरतो.