सोफ्याला मॅचिंग ॲबस्ट्रॅक्ट शोधताय? आधी या चुका टाळा

घर ताब्यात येतं, रंग होतो, पडदे लागतात, सोफा येतो आणि हॉलची एक भिंत तेवढी बोडकी राहते. मग मोबाइलमध्ये उशीच्या अभ्र्याचा फोटो घेऊन आपण दुकान गाठतो. "या रंगात एखादं ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त चित्र दाखवा." चूक इथेच होते. अभ्रे टिकतात दोन-तीन दिवाळ्या. ते बदलले की भिंतीवरचं चित्र एकदम परकं वाटायला लागतं, कारण आपण ते चौथी उशी म्हणूनच आणलेलं असतं.

रंग जुळवायचाच असेल तर उलटीकडून जुळवा. चित्र आधी घ्या आणि त्यात सगळ्यात कमी असलेला रंग, समजा कोपऱ्यातला एवढासा हळदी फटकारा, उशीत आणा. खोली बांधल्यासारखी दिसते आणि चित्रही चित्रच राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे फक्त स्क्रीनवर बघून निवडणं. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ब्रश बाजूला ठेवून ते रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, वापरायचे. रंगाचा थर चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. 'ॲबस्ट्रॅक्ट' हा शब्दही त्यांना रुचत नसे, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं, असं म्हणायचे. त्यांच्या मूळ चित्रासमोर उभं राहिलं की खालचा थर हळूहळू वर येताना दिसतो. फोनवर तेच चित्र म्हणजे नुसता पिवळा नाहीतर राखाडी चौकोन. म्हणून निदान एकदा मुंबईत काळा घोड्याला जा. जहांगीर आर्ट गॅलरीत चक्कर मारा, बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांशी बोला. नावाजलेलं काही परवडणार नाही, पण कागदावरचं छोटं काम किंवा विद्यार्थ्याचं चित्र अनेकदा मोठ्या छापील कॅनव्हासपेक्षा फार महाग पडत नाही.

छापील घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त 'हँडमेड' म्हणून छापील गळ्यात पडू देऊ नका. मोबाइलचा टॉर्च कॅनव्हासच्या कडेला तिरपा धरा. हाताने लावलेल्या जाड रंगाच्या कडा सावली टाकतात. 'टेक्श्चर' दिलेल्या प्रिंटवर पारदर्शक जेलचे फटकारे असतात, ते निळ्यावरून लालवर बिनदिक्कत जातात, खालच्या रंगाशी त्यांचा काही संबंध नसतो. एकदा हे लक्षात आलं की पुन्हा फसत नाही.

चित्र लागल्यावर आमची आत्या मान तिरकी करून म्हणाली होती, "उलटं तर नाही ना लावलंस?" सगळे हसले. पण आत्याचा प्रश्न वाजवी होता. डच चित्रकार पीट मोंड्रियानचं रंगीत चिकटपट्ट्यांचं १९४१ चं एक काम जर्मनीच्या संग्रहालयात १९८० पासून टांगलेलं आहे. ते उलटं असावं, असं तिथल्याच अभ्यासकाने २०२२ मध्ये सांगितलं. आता फिरवलं तर चिकटपट्ट्या निघतील, या भीतीने ते तसंच ठेवलं. तेव्हा विकत घेतानाच चित्रकाराकडून पाठीमागे बाण काढून घ्या आणि सही-तारीखही तिथेच मागा.

आकार आणि उंचीत तर बहुतेक घरं चुकतात. सात फुटी सोफ्यावर दीड फुटाची फ्रेम, तीही ट्यूबलाइटच्या खाली. चित्र सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश रुंद हवं आणि पाठीच्या वर सहा-आठ इंचांवर सुरू व्हावं. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर घ्या. गादी-लोडाची बैठक असेल तर आणखी खाली, कारण बघणारा खाली बसलाय. भोक पाडायच्या आधी चित्राच्या मापाचं वर्तमानपत्र मास्किंग टेपने चिकटवा आणि चार दिवस राहू द्या. आमच्याकडे ते बघून बघून आम्ही दोनदा खाली घेतलं.

नव्या इमारतींत अनेकदा भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यात साधा प्लग सैल होतो. हलक्या ब्लॉकसाठीचा प्लग मागा आणि ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. फ्रेमची काच खिडकीसमोर आली तर चित्राऐवजी समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात, हेही तपासा.

आता ओल. पहिलं मोठं चित्र आम्ही हौसेने पश्चिमेच्या भिंतीवर लावलं. पावसाळाभर तिकडे बघितलंही नाही. गणपतीच्या साफसफाईत फ्रेम उतरवली तर मागच्या हार्डबोर्डवर राखाडी-हिरव्या बुरशीची नक्षी, आणि कुबट वास. फ्रेमवाल्याने मागची बाजू ब्राऊन टेपने घट्ट बंद केली होती, आणि पश्चिमेची भिंत मुंबई-ठाण्यात पावसाचा मारा थेट झेलते. भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळायला जागाच नव्हती.

असं झालं तर ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हातही टाकू नका. पंख्याखाली, सावलीत पूर्ण सुकू द्या. मग मास्क लावून, गॅलरीत नेऊन कॅनव्हासची फक्त मागची बाजू मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका. बुरशी रंगावर आली असेल किंवा काम कागदावर असेल तर हात न लावता जाणकाराकडे द्या.

आधीच काळजी घ्यायची तर संशयित भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून बंद करा आणि दोन दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर ओल भिंतीतली, बाहेरून जमले तर हवेतली. भिंतीतली असेल तर तिथे चित्र नकोच, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवरही नको. हवेतली असेल तर फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे रबरी किंवा कॉर्कचे गट्टू चिकटवा. आमचं चित्र आता बेडरूमच्या आतल्या भिंतीवर आहे, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ते उतरवून मी पाठ बघते.